‘चार पेग झाले तरी गडी हलत नाही!’

बैठक गावाबाहेरच्या ढाब्यावरची असो की शहरातल्या महागड्या बारमधली, तिथं एका माणसाचं कौतुक ठरलेलं असतं: ‘चार पेग झाले तरी गडी हलत नाही.’ दोन घोटांत डोळे लाल होणाऱ्याची मात्र पुढच्या बैठकीपर्यंत टिंगल चालते. विज्ञानाला विचाराल तर काळजी करायची ती त्या न हलणाऱ्या गड्याची.

कॅलिफोर्नियातल्या सान दिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुण पुरुषांना प्रयोगशाळेत मोजून मद्य दिलं. नशा किती वाटते हे विचारलं, उभं राहिल्यावर शरीर किती डोलतं तेही मोजलं. यातल्या बऱ्याच जणांचे वडील मद्यासक्त होते. जवळपास दहा वर्षांनी या सगळ्यांना पुन्हा गाठलं आणि १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मद्यासक्त वडिलांच्या ज्या मुलांना विशीत कमी चढली होती, त्यांच्यापैकी ५६ टक्के स्वतः व्यसनात अडकले होते. ज्यांना चटकन चढली होती, त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होतं.

कारण सरळ आहे. ‘आता पुरे’ हे शरीर ज्या खुणांनी सांगतं, त्या खुणाच या माणसाला उशिरा कळतात. त्यामुळे मित्रांइतकी मजा यावी म्हणून तो त्यांच्यापेक्षा जास्त पितो. रोजच्या पिण्यानं मेंदूही सरावतो, यकृतातली विकरंही थोडी वाढतात आणि मग तीच मात्रा अपुरी वाटू लागते. पण न डोलणाऱ्याच्या रक्तात मद्य कमी असतं, असं मुळीच नाही. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं निपटायला यकृताला एक तास तरी लागतो. त्याला ना मिशीचा पीळ दिसतो ना टेबलावरच्या टाळ्या ऐकू येतात.

पुरुष मुळातच जास्त पितात, ही निसर्गाचीच योजना नाही का? थोडा भाग शरीराचा आहेच. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच मद्याची रक्तातली पातळी अधिक चढते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अनेक देशांतल्या ४० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या पिढीत पुरुषांमध्ये पिण्याची शक्यता स्त्रियांच्या २.२ पट निघाली. शतकाच्या शेवटी जन्मलेल्यांत जेमतेम १.१ पट. शंभर वर्षांत शरीर बदलत नाही, रीत बदलते. आपल्याकडे ती अजून तशीच दिसते: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे १९ टक्के पुरुष मद्य घेतात, स्त्रिया एक टक्क्याच्या आसपास.

बरं, ‘मर्दानगी’ ही तरी एकच गोष्ट कुठे आहे? २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात, धोका पत्करण्यात आणि मुली पटवण्यात पौरुष मानणारे कॉलेजमधले तरुण झिंगेपर्यंत अधिक पीत होते. भावनांवर ताबा ठेवणं हे पुरुषाचं लक्षण मानणारे मात्र तुलनेनं कमी! बायकांसारखं रडू नये असं ज्यांना शिकवलं, तेच ग्लासात दुःख बुडवतात, या आपल्या लाडक्या समजुतीला हा निकाल चांगलाच छेद देतो.

उपायाचा सर्वांत आशादायक प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला. ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना निवडलं. स्त्रियांमध्ये असं पिणं तिथं विरळ, म्हणून फक्त पुरुष. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. भेटी जास्तीत जास्त चार. त्यात उपदेश कमी आणि सराव जास्त: दोस्तांनी ग्लास पुढे केला तर नकार कसा द्यायचा, राग किंवा ताण आला की काय करायचं. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के पुरुषांनी मागच्या दोन आठवड्यांत थेंबही घेतला नव्हता. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत असे १८ टक्के होते. वर्षभरानंतर पाहिलं, तरी दोन्ही गटांतलं अंतर टिकून होतं.