चार जीबी रॅम, एक्सएफसीई आणि व्हिडिओतली एक फ्रेम

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मुलांचे दोन प्रश्न हमखास येतात. एक, "माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे, त्यावर काम होईल का?" आणि दुसरा, "हाय-स्पीड कॅमेरा नाही, मोबाइलच्या व्हिडिओवरून मोजमाप चालेल का?" दोन्हींचं उत्तर हो असंच आहे. फक्त मशीन तुमच्या डेटाचं काय करतंय, हे तुम्हाला माहीत हवं. त्यासाठी दोन मोफत, मुक्त-स्रोत साधनं बघू.

आधी डेस्कटॉप

लिनक्सवर डेस्कटॉप आपण निवडू शकतो. एक्सएफसीई हा त्यातला एक हलका डेस्कटॉप. ऑलिव्हिए फूर्दां यांनी तो १९९६ मध्ये सुरू केला. झुबंटूमध्ये तो आयता मिळतो, डेबियनवरही टाकता येतो. टाकल्यावर तीन गोष्टी करा.

१. 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये जाऊन आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. ब्लूटूथ वापरतच नसाल, तर तो रॅममध्ये कशाला?

२. 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये कंपोझिटर बंद करून बघा. सावल्या, पारदर्शकपणा जाईल, पण जुनं ग्राफिक्स मोकळा श्वास घेईल. कधी व्हिडिओ आडवा फाटल्यासारखा दिसेल. घाबरू नका, तो दोष पडद्यावर दाखवण्यातला आहे, फाइल जशीच्या तशी असते.

३. तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरची प्रत ठेवा. एक्सएफसीईच्या बहुतेक सेटिंग्ज तिथे साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये असतात. उद्या लॅपटॉप बदलला तरी मांडणी परत उभी करता येते.

एक गैरसमज मात्र नको. हलक्या डेस्कटॉपमुळे रॅम मोकळी होते, पण व्हिडिओ एन्कोड करण्याचा वेग त्यानं दुप्पट होत नाही. ते काम मुख्यतः प्रोसेसरचं.

आता व्हिडिओ

एक मीटर उंचीवरून चेंडू सोडा. तो साधारण ०.४५ सेकंदात खाली येतो. सेकंदाला ३० फ्रेम्स धरल्या, तर हे जेमतेम १३-१४ फ्रेम्सचं अंतर. एका फ्रेमची चूक झाली की वेळेत सुमारे ७ टक्के आणि गुरुत्व त्वरणात सुमारे १५ टक्के फरक पडतो, कारण सूत्रात वेळेचा वर्ग आहे.

खरी गोम पुढेच आहे. अनेक फोन उजेड कमी झाला की फ्रेम-दर आपोआप उतरवतात. समजा, तो २४ वर आला. आता पडायला सुमारे ११ फ्रेम्स लागतील. तुम्ही मात्र ३० च्या हिशोबानं भागणार, म्हणजे वेळ ०.३७ सेकंद. गणित करून बघा: ९.८ च्या जागी १५ च्या आसपास उत्तर येईल! सूत्र बरोबर, चेंडू बरोबर, मोजणी बरोबर, आणि निष्कर्ष साफ चूक.

इथे एफएफएमपेग कामाला येतं. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. त्याच्यासोबत येणारं एफएफप्रोब प्रत्येक फ्रेमची वेळ वेगळी काढून देतं. फ्रेम्स मोजून भागाकार करू नका, ही वेळच वापरा. शिवाय फक्त पहिली आणि शेवटची फ्रेम न घेता मधल्या सगळ्या फ्रेम्समधल्या जागा मांडून वक्र बसवा, म्हणजे एका फ्रेमच्या चुकीचा भार कमी होतो.

आणखी दोन खाचखळगे:

• व्हिडिओ नुसता 'कॉपी' पर्यायानं कापला तर काम झटपट होतं, दर्जाही तोच राहतो. पण काप की-फ्रेमपाशी सरकतो, तुम्ही सांगितलेल्या क्षणी होईलच असं नाही. नेमका काप हवा असेल, तर पुन्हा एन्कोड करावं लागतं. त्यासाठी एफएफव्ही१ हा कोडेक वापरा. त्यात पिक्सेलची माहिती गळत नाही, फाइल मात्र बरीच मोठी होते.

• केडेनलाइव्हसारख्या एडिटरमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम-दर एकच असतो. तो जुळवताना काही फ्रेम्स दुप्पट होतात, काही गळतात. सादरीकरणाचा व्हिडिओ तिथे खुशाल करा, मोजमाप मात्र मूळ फाइलवरूनच.

दोन्ही जोडू

एक्सएफसीईच्या थुनार फाइल मॅनेजरमध्ये 'कस्टम अ‍ॅक्शन' बनवता येते. एफएफप्रोबची तुमची आज्ञा तिथे एकदा लिहून ठेवली, की व्हिडिओवर राइट क्लिक करून फ्रेमच्या वेळांची फाइल तयार. प्रत्येक व्हिडिओला तीच आज्ञा लागते, आणि ती आज्ञा तुम्ही प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात जशीच्या तशी देऊ शकता. "ही वेळ कशी काढली?" या परीक्षकांच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर नाही.

आज एवढंच करा: एकच चेंडू, एकच उंची, एक व्हिडिओ भर उजेडात आणि एक संध्याकाळी खोलीत. दोन्हींच्या फ्रेमच्या वेळा काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. तुमचा फोन काय करतो, ते तुम्हालाच कळेल.