कॉलनीतली कुत्री आणि सत्तर टक्क्यांचे गणित

पहाटेच्या शिकवणीला निघालेला मुलगा सायकलवरून कोपऱ्यावर येतो. कचऱ्याच्या ढिगाजवळची चार-पाच कुत्री एकदम अंगावर धावून येतात. मुलगा घाबरून जोरात पायडल मारतो आणि कुत्री अधिकच जोराने मागे लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोत काय किंवा गारखेड्यात काय, हा अनुभव कोणाला नवा नाही. मग कॉलनीत दोन तट पडतात. एक म्हणतो, "सगळी कुत्री उचलून न्या." दुसरा म्हणतो, "मुकी जनावरे, त्यांना त्रास देऊ नका." या वादात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो : ही कुत्री इथे का आहेत, आणि ती अशी का वागतात?

आधी वागण्याचे पाहू. कुत्रा हा टोळीने हद्द राखणारा प्राणी आहे. हद्दीत अनोळखी कोणी वेगाने शिरले की तो भुंकतो, पाठलाग करतो. पिल्ले असलेली कुत्री किंवा विणीच्या काळातली टोळी जास्त आक्रमक असते. पिसाळलेला कुत्रा मात्र वेगळा ओळखू येतो. तो हद्द सोडून भरकटतो, पुष्कळदा न भुंकता चावतो, त्याचा आवाज बदलतो, तोंडातून लाळ गळते. पहिल्या प्रकारच्या कुत्र्यापासून आपण वागणूक सांभाळून वाचू शकतो. दुसऱ्याची खबर तत्काळ महापालिकेला दिली पाहिजे.

आता संख्येचे. एखाद्या भागात किती कुत्री जगतील हे मुख्यतः तिथे मिळणाऱ्या अन्नावर ठरते. आपल्या शहराला २०१८ सालची कचराकोंडी आठवत असेल. तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा नारेगावला पडत होता. त्याला कंटाळलेल्या ग्रामस्थांनी १६ फेब्रुवारी २०१८ पासून गाड्या अडवल्या आणि रोजचा चारशे टनांहून अधिक कचरा कित्येक आठवडे रस्तोरस्ती साचला. कुत्र्याच्या दृष्टीने असा प्रत्येक ढीग म्हणजे मांडलेले ताटच. ढीग एका जागी असो की शंभर जागी, खरकटे उघड्यावर आहे तोवर ते खाणारे कोणी ना कोणी येणारच.

म्हणूनच नुसती कुत्री उचलून प्रश्न सुटत नाही. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतील संशोधकांनी पश्चिम बंगालमधील भटक्या कुत्र्यांच्या पिल्लांवर लक्ष ठेवले, तेव्हा शंभरांपैकी जेमतेम १९ पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगल्याचे दिसले. मोठी कुत्री नाहीशी झाली आणि अन्न तेवढेच राहिले, तर उरलेल्या पिल्लांना जास्त वाटा मिळतो. शंभरात १९ ऐवजी ३८ जगली तरी नवी पिढी दुप्पट होते. शिवाय शेजारच्या टोळ्या मोकळ्या हद्दीत शिरतात. त्यांचे लसीकरण झालेले असेलच असे नाही.

उलट, निर्बीजीकरण व लसीकरण झालेला कुत्रा त्याच हद्दीत राहिला तर तो जागा अडवतो, पण संख्या वाढवत नाही आणि रेबीज पसरवत नाही. यासाठी किती कुत्र्यांना लस टोचावी? एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो, असे अभ्यास सांगतात. सोयीसाठी दोन धरू. त्या दोनांपैकी एक सुरक्षित असला तर साखळी वाढत नाही. म्हणजे ५० टक्के पुरेत. मग जागतिक आरोग्य संघटना ७० टक्के का म्हणते? कारण कुत्री मरतात आणि नवी जन्मतात. समजा, वर्षात एकतृतीयांश कुत्री बदलली. शंभरातल्या ७० लसवंत कुत्र्यांपैकी ४७ च उरली. सत्तरापासून सुरुवात केली तरी वर्षअखेर आपण ५० च्या रेषेखाली! म्हणून मोहीम दरवर्षी हवी. एकदाच गाजावाजा करून ती भागत नाही.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. शेजारच्या गोव्यात २०१३ नंतर दरवर्षी कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांमधून शिक्षण आणि रोगावर पाळत असे तिहेरी काम झाले. २०१८ व २०१९ या वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

तरीही एखादा कुत्रा वारंवार चावत असेल तर काय? 'जागा अडवतो' म्हणून त्याला सोडून द्यावे असे विज्ञान म्हणत नाही, आणि कायदाही म्हणत नाही. निर्बीजीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडावीत, पण रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात तर शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांना कुंपण घालावे आणि तिथली कुत्री हलवून पुन्हा तिथे सोडू नयेत, असे म्हटले. शाळेने लेखी तक्रार करताना तारीख, जागा आणि कुत्र्याचे वर्णन द्यावे.

तोवर मुलांना काय शिकवायचे? कुत्रा अंगावर आला तर पळू नये. हात शरीरालगत ठेवून स्तब्ध उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत पाहू नये, मग हळूहळू मागे सरावे. सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरावी. खाली पडल्यास अंग मुडपून मान व कान हातांनी झाकावेत. दगड मारण्याची 'गंमत' तर थांबलीच पाहिजे.

आणि चावलाच तर? रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो. मुलांची उंची कमी असल्याने चावा पुष्कळदा चेहऱ्यावर किंवा हातावर बसतो, म्हणजे विषाणूला वाट कमी चालावी लागते. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. त्याआधी तो टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालय गाठावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता जुनी झाली. लस दंडात देतात. मात्र सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. घरी रागावतील म्हणून ओरखडा लपवणारे मूल सर्वाधिक धोक्यात असते. हे वर्गात मोठ्याने सांगा.

शेवटी एक उपक्रम. शिक्षकांसोबत, दुरूनच आणि खाऊ न घालता, शाळेभोवतालच्या कुत्र्यांची छायाचित्रे घ्या. समजा, पहिल्या दिवशी ३० वेगवेगळी कुत्री दिसली. दुसऱ्या दिवशी २५ दिसली आणि त्यांतली १५ ओळखीची निघाली. मग एकूण संख्या अंदाजे ३० × २५ ÷ १५ = ५०. यांपैकी किती जणांच्या कानाला खाच आहे? ती निर्बीजीकरणाची खूण असते. जवळ कचऱ्याचे उघडे ढीग किती आहेत, तेही नकाशावर मांडा. हा कागद घेऊन मुले वॉर्ड कार्यालयात गेली, तर बोलणे "कुत्री हवीत की नकोत" यावर अडणार नाही. सत्तर टक्क्यांपर्यंत पोहोचायला अजून किती उरली, हा प्रश्न मुलांना विचारता येईल.