परसबागेंतील हरणें

शेतांतील उभ्या पिकास हरणांचा उपद्रव होतो ही तक्रार जुनीच आहे. तिच्यासाठीं वनखात्याकडे अर्ज करतां येतो, पंचनामाही होतो. परंतु घरामागच्या दोन गुंठ्यांत शिरून मेथीचा वाफा व वालाचा वेल एका रात्रींत फस्त झाला, तर त्याचा आंकडा कोणत्याही नोंदवहींत चढत नाहीं. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली असल्यामुळें हें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. घरची भाजी मात्र त्याच वाफ्यांतून निघते, व ती गेली म्हणजे बायामाणसांस किती हळहळ वाटते हें वाचकांस सांगणें नको.

आमचें गांव अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत आहे. याच तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेंत कळप सीमा ओळखून थोडाच राहणार? माळावर गवत आहे तोंवर हीं जनावरें गांवाकडे सहसा फिरकत नाहींत. चैत्र-वैशाखांत माळ करपला कीं हिरवें दिसतें तें फक्त विहिरीकांठच्या बागेंत. (काळवीट हा खरें पाहतां चितळ-सांबरांच्या कुळांतला नव्हे. त्यांचीं शिंगें दरसाल गळून नवीं येतात, काळविटाचीं पिळदार शिंगें जन्मभर टिकतात. पण आमच्याकडे सरसकट हरीणच म्हणतात.)

प्रथम चोर कोण तें ठरवावें. आम्ही तीन आठवडे सशावर संशय घेऊन कुंपणाच्या तळच्या फटी बुजवीत बसलों होतों! ससा देठ कातरल्यासारखा तिरपा व स्वच्छ कापतो. हरणास वरच्या जबड्यांत पुढचे दात नसतात. तें पाला ओढून तोडतें, म्हणून देठाचें टोंक फाटलेलें दिसतें. शेळीचेंही खाणें असेंच. तेव्हां दोष ठेवण्यापूर्वीं शेजाऱ्याची शेळी रात्रीं बांधलेली होती ना, हेंही पाहावें.

आदले वर्षीं पाऊस कमी पडलेला, त्यामुळें सन २०२४ च्या उन्हाळ्यांत आमचा धीर सुटला. चवळी, पालक, दुधीचे कोवळे शेंडे, कांहींच उरेना. एका शेजाऱ्यानें कुंपणाच्या तारेंत घरची वीज सोडण्याचा सल्ला दिला व तारही आणून दिली. आम्हीं ती बांधली; रात्रीं जोडावयाची तेवढी राहिली होती. संध्याकाळीं आमचा पांच वर्षांचा नातू चेंडूमागें धांवत त्याच तारेखालून सरपटत बागेंत शिरला, आणि आमचे हातपाय गार पडले. तार दुसरे दिवशीं परत केली. असा प्रवाह माणूस, बैल व हरीण यांत भेद करीत नाहीं. शिवाय काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत असून त्याच्या हत्येस तीन ते सात वर्षें कारावास आहे.

मग आम्हीं बागच हलविली. पालेभाजीचे वाफे घराच्या भिंतीलगत आणले, वालाचा मांडव सहा फूट उंच केला. कडेनें गवती चहा, तुळस व झेंडू लावला. उग्र वासाचा पाला हरीण सहसा टाळतें. तथापि उपाशी जनावराचा नेम नाहीं, वैशाखांत एकदां झेंडूही गेला. कोणी कण्हेर लावण्यास सांगतात, परंतु ती सर्वांगीं विषारी असल्यामुळें मुलें व गुरें असलेल्या घरीं आम्ही ती सुचवीत नाहीं. बाहेर चिल्हार व सागरगोटा लावला आहे. तो दाट होईपर्यंत जुन्या लुगड्यांचा आडोसा बांधला. पलीकडचें कांहीं दिसत नसलें म्हणजे हरीण आंत उडी टाकण्यास कचरतें. बुजगावण्याचा धाक चार दिवसांचा. सर्वांत अधिक उपयोग झाला तो बागेपासून दोनशे पावलांवर माळाच्या बाजूस ठेवलेल्या पाण्याच्या डोणीचा. आमच्या घरीं या डोणीवरून वाद झाला, कारण ती रोज भरावी लागते. पण पहांटेचे बहुतेक ठसे आतां तेथेंच असतात.

विहिरीस कठडा नव्हता ही चूक मात्र आमची. २०२५ च्या चैत्रांत एक मादी रात्रीं तींत पडली. वनखात्याच्या माणसांनीं जाळें सोडून तिला वर काढलें. सुटतांच ती क्षणभर थबकली, आणि चवळीच्या वाफ्यावरून उडी घेऊन माळाकडे गेली. कठडा त्याच महिन्यांत बांधला.