अंगणात लावावा तरवड



कळंब तालुक्यातील एका पारधी वस्तीवर आमची बालवाडी आहे. पहिल्या वर्षी अंगण शोभावे म्हणून मी गुलाब आणि जास्वंदीची रोपे विकत आणली. एप्रिलमध्ये वस्तीला टँकर सुरू झाला. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत आणि मुले माझ्या सांगण्यावरून झाडांना तांब्याने पाणी घालत. एका आजीने विचारले, "ताई, ही फुलं आमच्या वाटणीचं पाणी पितेत का तुमच्या?" मला उत्तर देता आले नाही.

मग मी कण्हेर लावली. तिला पाणी कमी लागते, एवढेच पाहिले. कण्हेरीचे पान, फूल, फांदी, चीक सारेच विषारी असते आणि ते विष हृदयावर परिणाम करते, हे लक्षात घेतले नाही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही तशीच. लहान मुले आणि शेळ्या फिरतात त्या अंगणात ती नकोच. आजीने समजावल्यावर मी झाडे उपटून खड्ड्यात पुरली. कण्हेर जाळू नये, तिचा धूरही बाधतो.

"बांधावरचा तरवड दिसत न्हाई व्हय?" आजी म्हणाल्या. खरेच, रोज ज्याच्याजवळून जात होते, तेच झुडूप आम्हांला हवे होते.

तरवड साधारण माणसाच्या उंचीइतका वाढतो. चिंचेसारखी संयुक्त पाने, पिवळीधमक फुले आणि चपट्या, पातळ शेंगा ही त्याची ओळख. बालाघाटच्या मुरमाड माळावर तो आपोआप उगवतो. सहसा जनावरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून काटेरी कुंपणही लागत नाही. नवरात्रात घटाच्या माळेसाठी आपल्या भागात ही फुले शोधली जातात. पूर्वी त्याच्या सालीने कातडी कमावत. शेजारच्या तेलंगणाचे तर ते राज्यफूल आहे. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात.

लागवड सोपी आहे. हिवाळ्यात तपकिरी झालेल्या शेंगा गोळा करून बी सुकवून ठेवावे. बियांचे कवच कठीण असते. त्यामुळे पेरणीच्या आदल्या रात्री पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, थोडे निवल्यावर त्यात बी टाकावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी फुगलेले बी घ्यावे. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की जागेवरच बोटाच्या एका पेराइतके खोल दोन-तीन बिया टोकाव्यात. सोटमूळ खोल जाते, म्हणून मोठे रोप उपटून लावले तर बहुधा जगत नाही. पिशवीत रोप केले, तर ते लहान असतानाच लावावे. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवावे. पाणी साचते ती जागा टाळावी. तरवड दुष्काळाने मरत नाही, पण चिखलात मुळे कुजतात.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी पुरे, तेही मुलांच्या हात धुण्याचे. बुडाशी पालापाचोळा पसरावा. त्यानंतर पाण्याची काळजी नाही. शेंगा वाळल्यावर वरच्या फांद्या हातभर छाटाव्यात, म्हणजे झुडूप दाट होते. छाटलेला पाला खड्ड्यात टाकून खत करावे. पानांवर अळ्या दिसल्या तर औषध फवारू नका. त्यांचीच पुढे फिकट पिवळी फुलपाखरे होतात.

एक सूचना. साखरेच्या आजारावर तरवडाचा काढा घेण्याची पद्धत आहे. कोणी तो घेत असेल तर डॉक्टरांना सांगावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

आज बालवाडीच्या अंगणात तरवडाची रांग उभी आहे. दसऱ्याच्या सुमारास अंगण पिवळे होते, भुंगे घुमतात आणि मुले पाकळ्या मोजत पाचपर्यंत शिकतात. टँकर आजही येतो. पण त्यातली एक घागरही फुलांसाठी उतरत नाही.

या हिवाळ्यात आपल्या बांधावरच्या शेंगा वाया जाऊ देऊ नका. मूठभर बी आपल्या अंगणासाठी ठेवा, मूठभर शेजाऱ्याला द्या.