पाटीवरचा हिशेब आणि बाजारातला हिशेब



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, राजकारण अशा भारदस्त विषयांची आपल्याला सवय असते. तेथे लहान मुलांची बेरीज-वजाबाकी हा विषय ऐकून काहींना मौज वाटली असेल. दोन आणि दोन चार, यात समजावून सांगण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मुलाचे पाऊल दुसरी-तिसरीच्या वजाबाकीत अडखळते, ते पुढे भागाकारात अडते, अपूर्णांकात अडते, आणि 'मला गणित येत नाही' ही समजूत जन्मभर उराशी बाळगते. ही समजूत बहुधा खोटी असते. ती कशी तयार होते आणि ती होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पाटीवर एक वजाबाकी मांडू. ५२ मधून २७ वजा करावयाचे. पुष्कळ मुले उत्तर लिहितात, ३५. आपण म्हणतो, 'लक्ष कुठे आहे तुझे?' पण मुलाचे लक्ष तेथेच असते. दोनांतून सात जात नाहीत, हे त्याने ओळखले. मोठ्यातून लहान वजा करावयाचे, हा नियम त्याने ऐकलेला. म्हणून सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन काढले, तीन उरले. चूक वेंधळेपणाची नाही. अर्थ न कळता पाळलेल्या नियमाची आहे. ५२ म्हणजे पाच दहे आणि दोन सुटे, हे त्याला दिसतच नाही. त्याला दिसतात शेजारी-शेजारी बसलेले दोन आकडे.

आता हेच मूल संध्याकाळी आईबरोबर भाजीच्या पाटीशी बसले आहे असे समजा. गिऱ्हाइकाने सत्तावीस रुपयांची भाजी घेतली, पन्नासाची नोट दिली आणि सुटे सोयीचे पडावेत म्हणून वर दोन रुपये दिले. मूल मनाशी म्हणते, सत्तावीसचे तीस करायला तीन, तिसाचे पन्नास करायला वीस, आणि वरचे दोन. पंचवीस रुपये ते निमूटपणे परत करते. वजाबाकी तीच, ५२ वजा २७. बाजारात उत्तर बरोबर आणि पाटीवर चूक!

ही माझी कल्पनेची भरारी नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेथील संशोधकांनी केला व तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. जे हिशेब ही मुले विक्री करताना तोंडी अचूक करीत, तेच कागदावर मांडून दिले की चुकत. आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व कोलकाता येथील बाजारात काम करणाऱ्या चौदाशेंहून अधिक मुलांची परीक्षा पाहिली. २०२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष दोन्हीकडून विचार करावयास लावणारा आहे. बाजारातल्या मुलांना शाळेच्या पद्धतीची उदाहरणे जमेनात. आणि शाळेत शिकणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमेनात. म्हणजे एकाकडे अर्थ आहे पण लेखन नाही. दुसऱ्याकडे लेखन आहे पण अर्थ नाही. या दोघांची गाठ घालून देणे, हेच लहान मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविणे होय.

ती गाठ कशी घालावी? पहिली पायरी वस्तूंची. मूल शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते याचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांपुढे सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन रांगा ठेवल्या. मग एक रांग नुसती पसरून लांब केली. चार-पाच वर्षांची बरीच मुले म्हणाली, लांब रांगेत जास्त आहेत! रांग बदलली तरी संख्या बदलत नाही, हे ज्याच्या मनात ठसलेले नाही, त्याला बेरजेचे चिन्ह शिकविण्यात काय हशील? म्हणून आधी चिंचोके, मणी, काड्या हाताळू द्याव्यात. मग त्यांचे चित्र काढू द्यावे. आणि शेवटी आकडा लिहावा. हा क्रम उलटला की ३५ हे उत्तर जन्माला येते.

दुसरी पायरी दहाच्या जोड्यांची. एक आणि नऊ, दोन आणि आठ, तीन आणि सात, चार आणि सहा, पाच आणि पाच. या पाच जोड्या बोटांवर खेळता खेळता पाठ झाल्या की निम्मे काम झाले. आठ आणि पाच किती? आठाला दोन दिले की दहा; पाचातले उरले तीन; तेरा. मूल आता एकेक बोट मोजीत बसत नाही. दहाच्या मुक्कामावर जाऊन पुढे निघते. भाजीच्या पाटीशी बसलेले मूल तिसावर जाऊन पुढे निघाले, ते याच वाटेने.

तिसरी पायरी जुडीची. दहा काड्या झाल्या की त्यांना दोरा बांधावा. ३८ आणि २७ मिळवताना तीन जुड्या व आठ काड्या, दोन जुड्या व सात काड्या एकत्र करू द्याव्यात. सुट्या काड्या पंधरा झाल्या. त्यांतल्या दहांची नवी जुडी बांधून मुलाच्या हातात द्यावी. 'हातचा एक' म्हणतात तो हाच! आपला हा शब्द किती बोलका आहे पाहा. पण ज्याने जुडी हातात धरली नाही, त्याला हातचा म्हणजे डोक्यावर मांडावयाची एक रेघ एवढेच वाटते. तो एक म्हणजे एक दहा आहे, हे हाताला कळले की विसरत नाही.

वजाबाकीत याच्या उलट. पाच जुड्या आणि दोन काड्या. त्यांतून सत्तावीस द्यावयाच्या. दोन काड्यांतून सात कशा देणार? तर एक जुडी सोडावी. आता जुड्या चार, काड्या बारा. बारांतून सात गेल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन गेल्या, दोन उरल्या. पंचवीस. येथे कोणाकडून उसने घ्यावे लागले नाही, की परतफेड राहिली नाही. आपलीच जुडी आपण सोडली.

आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना मात्र दुसरी रीत शिकविलेली असेल. बारातून सात गेले पाच. हातचा एक खालच्या दोनांत मिळवून तीन. पाचातून तीन गेले दोन. तीही रीत बरोबरच आहे. वर दहा वाढविले आणि खालीही दहा वाढविले, तर दोघांतला फरक कायम राहतो. पण शाळेत जुडी सोडावयाची आणि घरी आजोबांनी हातचा परत करावयाचा, असे एकाच आठवड्यात झाले तर नातवंडाची त्रेधा उडते. आजोबांनी आपली रीत थोडी राखून ठेवावी; पहिली पक्की झाल्यावर ती सांगावी, आणि दोन्हींचे उत्तर एकच का येते, हे कोडे घालावे.

आणखी एक अडचण आपल्या भाषेतलीच आहे. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. म्हणून मुले पंचवीसचे ५२ करतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'एकवीस, बावीस' यांच्याबरोबर 'वीस एक, वीस दोन' असेही वाचन दिले गेले, तेव्हा मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे मुलांना सोपे जावे एवढेच होते. सीमेलगतच्या आपल्या भागात कानडी कानाला परकी नाही. कानडीत एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात. म्हणजे आधी वीस आणि मग एक. मला वाटते, एकवीस-बावीस आपले आहेत, ते राहावेत. परंतु मूल अडखळले तर 'वीस आणि पाच' असे म्हणून दाखविण्यात भाषेचे काही बिघडत नाही. उलट 'एकोणतीस' या शब्दात तर 'एक उणे तीस' अशी वजाबाकीच दडली आहे. ती मुलाला दाखवून द्यावी.

वजाबाकी म्हणजे केवळ काढून घेणे नव्हे, हेही ध्यानात असावे. दहा पेरू होते, चार खाल्ले, हा एक प्रकार. ताईकडे दहा, बाळाकडे सहा, ताईकडे किती जास्त, हा दुसरा. सहा आहेत, दहा व्हायला किती हवेत, हा तिसरा. मूल 'बेरीज करू की वजाबाकी?' असे विचारते, कारण त्याला पहिलाच प्रकार भेटलेला असतो. घरात तिन्ही बोलावेत. आपल्या गावच्या गल्ल्यांना तर आकडेच दिलेले आहेत. तिसऱ्या गल्लीतून आठव्या गल्लीत जायला किती गल्ल्या पुढे जावे लागेल? चालता चालता झालेला हा पाठ कोणत्याही वहीपेक्षा पक्का बसतो.

शेवटी एका योगायोगाची आठवण देतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही व्यापारपेठ वसविली. आणि त्याच साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. बाजार आणि शाळा एकाच राजाने, एकाच वर्षी दिली. त्या दोहोंमधला रस्ता बांधावयाचे काम मात्र आपल्याकडे राहिले आहे. उद्या बाजारात जाताना मुलाला बरोबर न्या, सुटे पैसे त्याला मोजू द्या, आणि घरी आल्यावर तोच हिशेब पाटीवर मांडू द्या. उत्तर चुकले तर रागावू नका. 'कसे काढलेस ते सांग' एवढेच विचारा. त्याच्या सांगण्यातच, कोणती जुडी सोडावयाची राहिली, ते आपल्याला कळेल.