मैदानाचा माळी कसा तयार होतो?

आमच्या मल्लेश्वरममध्ये खेळाचा विषय निघाला की तो प्रकाश पदुकोणांवर येतोच. इथल्या कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये ते बॅडमिंटन शिकले. हॉल लग्नाचा, त्यामुळे मुहूर्त असला की खेळ बंद. पण वऱ्हाड गेलं, झाडू फिरला, की कोर्ट तयार! क्रिकेटच्या मैदानाचं तसं नाही. ते तयार करणारा माणूस आधी तयार करावा लागतो.

मी रविवारी खेळणाऱ्या एका छोट्या क्लबची मैदानाची बाजू बघतो. दोन वर्षांपूर्वी आमचे जुने माळी (मुंबईच्या मैदानांवरचा हा शब्द मी इथेही सोडलेला नाही) आठवडाभर गावी गेले. बदली आलेल्या मुलाला मी सांगितलं, "पाणी मार आणि रोलर फिरव." त्याने तसंच केलं. ओली माती रोलरला चिकटून वरच्या थराचे पोपडे निघाले. सामन्यात एक चेंडू टप्पा पडून असा उसळला की सोळा वर्षांच्या पोराच्या जबड्याला लागला. टाके पडले. चूक त्या बदलीच्या मुलाची नव्हती. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं, आणि "फिरव" म्हणणारा मी होतो.

जुन्या माळ्यांना जे ठाऊक होतं ते सांगतो. पाणी दिल्यावर खेळपट्टीवर अंगठा दाबायचा. माती बोटाला लागली तर थांबायचं. बोट कोरडं निघालं पण ठसा उमटला, तर रोलरची वेळ झाली. आधी हलका, मग जड. ठसाच उमटत नसेल तर उशीर झाला. मग रोलर कितीही फिरवा, वर चकाकी येते, आत माती दबत नाही. ही वेळ घड्याळात सांगता येत नाही. ऊन, वारा, मातीतल्या चिकणमातीचं प्रमाण, सगळ्यावर ती ठरते. म्हणून हे शिक्षण वर्गात बसून होत नाही. शिकणाऱ्याने दिवसातून चार-पाच वेळा स्वतः अंगठा दाबायचा, आणि जाणत्याने शेजारी उभं राहायचं.

यंत्र आलं म्हणून हे सुटत नाही. आमच्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये २०१७ साली सबएअर यंत्रणा बसली. जमिनीखालचे पाइप पावसाचं पाणी झपाट्याने ओढून घेतात. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस नाणेफेकीविना वाया गेला, कारण पाऊसच थांबेना. तोवर खेळपट्टी कोरडी राखायची ती ताडपत्रीने, म्हणजे माणसांनी. ताडपत्री कोण कुठला कोपरा धरणार, वाऱ्याकडची बाजू आधी कशी दाबायची, याची रंगीत तालीम कोरड्या दिवशी व्हायला हवी. आमच्याकडे ती आता होते, आणि खरं सांगतो, पोरांना त्यात मजा येते.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक मैदानाच्या वर्षाप्रमाणे आखावं. हंगाम संपला की खेळपट्टी खरवडणं, नवी माती, गवत लावणं. ते शिकवायचं तेव्हाच. उन्हाळ्यात पाणी. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत बागांना पिण्याचं पाणी घालायला बंदी आली आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याकडे वळावं लागलं. त्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, चिवट असते. तरी पात्यांची टोकं करपायला लागली तर ते ओळखता आलं पाहिजे.

भाषेचं एक सांगतो. माहिती बहुतेक इंग्रजीत मिळते. आमच्याकडचे दोघे कन्नड वाचतात, एक बिहारचा, आणि एक बिदरकडचा, ज्याला माझं मराठी कळतं. तोच आमचा दुभाषी.

पैशाचं तर कुणी बोलतच नाही. रोजंदारीवरच्या माणसाला "शनिवारी शिकायला ये" म्हटलं तर त्याचा रोज बुडतो. मग तो येत नाही, आणि आपण म्हणतो, यांना शिकायचंच नसतं. शिकण्याच्या दिवसाचाही रोज द्यायचा. शिकला तर पुढे काय, हेही त्याला दिसलं पाहिजे. जसिंथा कल्याण यांचं उदाहरण इथलंच आहे. कर्नाटक क्रिकेट संघटनेत त्या रिसेप्शनिस्ट म्हणून लागल्या. पुढे मैदानावरच्या कर्मचाऱ्यांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. बीसीसीआयची क्युरेटरची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, आणि २०२४ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये बंगळुरूच्या खेळपट्ट्यांची जबाबदारी त्यांच्यावर होती. देशातल्या पहिल्या महिला क्युरेटर म्हणून त्यांचं कौतुक झालं. पण मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो मधला रस्ता: काम, जबाबदारी, मग परीक्षा. बहुतेक मैदानांवर पहिली पायरी असते, दुसरी नसते.

आमचा क्लब लहान. आम्ही एवढंच केलं: बदलीचा माणूस नेमायचा झाला तर त्याने आधी दोन आठवडे जुन्या माळ्यांबरोबर पूर्ण रोजावर राहायचं. शिवाय एक वही ठेवली. पाणी कधी दिलं, रोलर कधी फिरला, चेंडू कसा उसळला, रोज तीन ओळी. जुने माळी लिहीत नाहीत. ते सांगतात आणि तो बदलीचा मुलगा कन्नडमध्ये लिहितो. मागच्या महिन्यात त्याने मला रोलर काढू दिला नाही. म्हणाला, "सर, अजून बोटाला लागतेय."