धानपट्ट्यातला शोषखड्डा

जल जीवन मिशनने २०१९ पासून खेड्यातल्या घरोघरी नळ द्यायला घेतले, ते माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब धरून. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होतात आणि त्यातले दोनशेच्या आसपास न्हाणी-मोरीतून पुन्हा बाहेर पडतात. दोनशे घरांच्या गावात रोजचे चाळीस हजार लिटर झाले. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या खेड्यात ते नालीने बोडीत, म्हणजे गावतळ्यात, नाहीतर ओढ्यावाटे वैनगंगेकडे जाणार. एवढ्या पाण्यासाठी पंप, वीजबिल आणि पगारी माणूस मागणारा शहरी प्रकल्प पंचायतीला पेलत नाही. जिरेल ते पाणी घराजवळच जिरवावे आणि जमीन घेत नाही तिथेच नाली काढावी, हाच क्रम लहान गावाला परवडतो.

जिरवण्याचा चांगला नमुना नांदेड जिल्ह्यात आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे खणून उघड्या नाल्या आणि डास दोन्ही हटवले, आणि पुढे तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, भोवती दगड. टाकीला भोके असतात ती वरच्या बाजूला. खरकटे, माती, साबणाचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी भोकांतून दगडांत, तिथून मातीत जाते. नुसता दगड भरलेला खड्डा गाळाने बुजतो. इथे टाकी उपसली की काम पुन्हा सुरू.

यावर पहिला आक्षेप विहिरी नासण्याचा, आणि तो रास्त आहे. म्हणूनच शौचालयाचे पाणी या खड्ड्यात येता कामा नये. त्याला आलटूनपालटून वापरायचे दोन खड्डे वेगळे हवेत, विहिरीपासून दूर आणि तळाखाली भूजलापर्यंत पुरेशी कोरडी माती राखून. दुसरा आक्षेप बालाघाटचाच आहे आणि जास्त अवघड. हा धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मातीमुळे बांधीत पाणी टिकते, तीच माती शोषखड्ड्याला नकार देते, आणि भूजल वर आले की सखल वस्तीतला खड्डा उलट भरून येतो. नांदेडचा नकाशा इथे जसाच्या तसा उतरवला, तर योजना पहिल्याच पावसाळ्यात बदनाम होईल.

पण यातून मोठा प्रकल्प हवा, हे सिद्ध होत नाही. टेकाडावरच्या घरांना शोषखड्डा पुरतो. सखल भागाचे पाणी नालीने आणून आधी गाळटाकीत निवळावे आणि मग कर्दळीसारखी झाडे लावलेल्या खडीच्या वाफ्यातून बोडीत सोडावे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धत याच तत्त्वावर चालते. पाणी खडीखालून वाहते, म्हणून डास होत नाहीत. उतार असेल तर वीजही लागत नाही. जागा आणि गाळ उपसणारे हात मात्र लागतात. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानाचा ठरावीक वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तेव्हा पैशाची सबब अर्धीच उरते. कुठे खड्डा आणि कुठे वाफा हे मात्र उन्हाळ्यात ठरवू नये. भाद्रपदात विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेने वस्तीवार यादी केली, तर कंत्राटदाराच्या आराखड्याआधी गावाचा आराखडा तयार असेल.